शब्दचर्चा : स्फोट टिपला, की ओळखला?

इंदिरानगर : शाळेच्या विज्ञान मंडळासाठी ‘भूमिगत अणुचाचण्या कशा कळतात’ या विषयावर भित्तिपत्रक करतेय. ‘डिटेक्शन’ला काय म्हणावं? ‘संसूचन’ मुलांच्या डोक्यावरून जाईल. ‘शोध’ म्हटलं की नवा शोध लावल्यासारखं वाटतं. शिवाय भूमिगत लिहू की भूगर्भीय? दुसऱ्या कोपऱ्यात ‘अपारंपरिक ऊर्जेचे प्रयोग’ असं शीर्षक देऊन १९८९ चं शीत संमीलन (कोल्ड फ्यूजन, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवल्याचा दावा) घ्यायचंय. चालेल का?

म्हसरूळ : ताई, सगळं एका शब्दात कोंबू नका. कामं तीन आहेत आणि तिन्हींना मराठीत रोजचे शब्द आहेत : टिपणं, ठिकाण काढणं, ओळखणं.

भूकंपमापक फक्त टिपतो. आपल्याकडे नाशिकला दिंडोरी रोडच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या धक्क्यांच्या नोंदी होतात. जमीन का हलली हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. निरनिराळ्या केंद्रांवर लहर किती वाजता पोचली ते ताडून ठिकाण काढतात. ओळखणं त्याच्यापुढचं, आणि खरी कसोटी तिथे लागते. स्फोट भोवतालच्या खडकाला सगळीकडून बाहेर ढकलतो, म्हणून प्राथमिक लहर, म्हणजे सर्वांत आधी पोचणारी, जोरकस येते आणि तिचा पहिला झटका सगळ्या केंद्रांवर बाहेरच्या दिशेचाच असतो. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात. त्यामुळे काही केंद्रांवर आधी ढकल दिसते, काहींवर ओढ, आणि तिच्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरी आणि जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या पृष्ठलहरी त्या मानाने मोठ्या निघतात. खोलीही पाहतात. धक्क्याचा उगम वीस किलोमीटर खाली निघाला तर बॉम्बचा संशय मिटला, कारण माणसाने खणलेलं सर्वांत खोल विवर, रशियातलं कोला, बारा किलोमीटरच्या थोडंसंच पुढे गेलंय.

म्हणून भूमिगतच लिहा. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला तो सुमारे १०७ मीटर खोलीवर. त्याला भूगर्भ म्हणवत नाही.

‘शोध लागला नाही’ या वाक्याने तर अर्थच फिरतो. ११ मे १९९८ ला दुपारी ३ वाजून ४३ मिनिटांनी पोखरणला झालेले स्फोट जगभरच्या केंद्रांनी टिपले, तीव्रता ५.२ च्या आसपास धरली गेली. १३ मेचे दोन स्फोट, भारताने जाहीर केल्याप्रमाणे ०.५ आणि ०.३ किलोटनांचे, आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या केंद्रांवर उमटलेच नाहीत. भारताने सांगितलं म्हणून जगाला कळलं. इथे ‘ओळखता आले नाहीत’ हेही चूक. ते टिपलेच गेले नाहीत.

दिंडोरी : काका, सुरुंग राहिला. विहीर खोदताना आम्ही ‘बार लावला’, ‘बार उडवला’ म्हणतो. भित्तिपत्रकात ‘खाणीतले नियंत्रित विस्फोट’ असं जड काही लिहू नका. इकडच्या पोरांना बार लगेच कळेल. पण बारही यंत्रावर उमटत असेल ना? तो वेगळा कसा काढतात?

म्हसरूळ : चांगलं विचारलंत. मोठ्या खाणीत सगळी भोकं एकदम उडवत नाहीत, काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकामागून एक उडवतात. त्याची खूण आलेखात सापडते. आणि ‘सुरुंग’ इथे दुहेरी शोभतो. मुळात त्याचा अर्थ भुयार. संस्कृत ‘सुरुङ्गा’ ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असं मानतात. किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून दारू भरायचे, त्यावरून तो स्फोटाला चिकटला. १९५७ साली नेवाडात अमेरिकेने केलेली ‘रेनियर’ चाचणी, पूर्णपणे जमिनीत कोंडलेली पहिली, डोंगरात खणलेल्या भुयारातच झाली.

गंगापूर रोड : ‘अपारंपरिक’ बरोबर, ‘अपारंपारिक’ नको. परंपरा, म्हणून पारंपरिक. पण शीत संमीलनाला तो शब्द लावू नये. मराठी वाचक अपारंपरिक ऊर्जा म्हणजे सूर्य, वारा, गोबरगॅस असंच घेतो. केंद्राच्या मंत्रालयाच्या नावातही तो होता, २००६ मध्ये ‘नवीन आणि नवीकरणीय’ झाला.

म्हसरूळ : सहमत. ‘वादग्रस्त ऊर्जाप्रयोग’ लिहा, आणि तिथेही तीच क्रियापदं वापरा. फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पॅलेडियम आणि जड पाणी घेऊन विद्युत अपघटन केलं, त्यात त्यांनी जादा उष्णता टिपली. ती संमीलनाची म्हणून ओळखली, असा त्यांचा दावा होता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या वर्षी प्रयोग झाले, संमीलनाच्या खुणा मानले जाणारे ट्रिटियम आणि न्यूट्रॉन आढळल्याचं सांगितलं गेलं. इतर अनेक प्रयोगशाळांना मात्र तसं काही मिळालं नाही. ‘आढळलं’ आणि ‘सिद्ध झालं’ यांत मुलांनी गल्लत करता कामा नये, यासाठी मी इतका अडून बसलोय.

अणुचाचणीत ओळखीवर शिक्का बसतो तो वायूंचा. लहरींवरून स्फोट आहे एवढं ठरतं, तो अणूचा आहे हे झेनॉनची किरणोत्सारी रूपं सांगतात. झेनॉन-१३३ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, पाच दिवसांहून थोडा जास्त, त्यामुळे घाई असते. उत्तर कोरियाच्या २००६ च्या चाचणीचा झेनॉन कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रावर सापडला.

इंदिरानगर : तीन क्रियापदांचे तीन रकाने करते. एक शब्द उरला. अमेरिकेने मिसिसिपीत मिठाच्या थरात १९६४ ला स्फोट केला आणि त्याने झालेल्या पोकळीत १९६६ ला ०.३८ किलोटनांचा दुसरा केला. पोकळी नसती तर उमटला असता त्यापेक्षा त्याचा धक्का सुमारे सत्तर पटींनी कमी उमटला. याला इंग्रजीत ‘डिकपलिंग’ म्हणतात, त्याला मराठीत ‘वियुग्मन’ लिहिलेलं वाचलं, ते नको वाटतं. ‘फुसका बार’ म्हणू?

दिंडोरी : नको. फुसका म्हणजे उडालाच नाही. इथे तर पूर्ण उडालाय.

म्हसरूळ : बरोबर. स्फोट पुरता झाला, खडकात धक्का कमी उतरला. ‘धक्का दाबणे’ लिहा, आणि खाली एका ओळीत पोकळीचं कारण द्या.