अभंगातील ‘विटाळ’ इंग्रजीत कसा न्यावा?

भाषांतरिका: संत सोयराबाईंच्या ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥’ या अभंगाचे इंग्रजी भाषांतर करताना पहिल्याच ओळीत अडले आहे. ‘पोल्यूशन’ लिहिले, तर परदेशात वाढलेल्या भाचीला कारखान्याचा धूर आठवला. ‘इम्प्युरिटी’ म्हटले की सोन्यातील भेसळ वाटते. काय करावे?

अक्षरवेडा: माझ्या मते मूळ ‘विटणे’. रंग विटतो, मन विटते, तसाच देह विटतो.

जुनीपोथी: व्युत्पत्ती मोहक आहे, परंतु बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने अपभ्रंश भाषेच्या व्याकरणात ‘विट्टाल’ हा शब्द ‘अस्पृश्यसंसर्ग’ या अर्थी नोंदवला आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांच्या पत्नीने, म्हणजे सोयराबाईंनी, हा शब्द वापरला, तेव्हा त्याचे चटके घरातच सोसलेले होते, हे भाषांतरात उतरायला हवे.

निवृत्त शिक्षिका: शिवाशिवीचा अर्थ खराच, पण पाळीचा अर्थ का गाळता? आमची आजी ‘विटाळशी’ म्हणे, आई ‘अडचण’ म्हणे, नात ‘पिरिअड्स’ म्हणते. विटाळावाचून कोणता देह निर्माण झाला, असे सोयराबाई पुढे विचारतात, तेव्हा जात आणि बाईपण हे दोन्ही त्या एकाच शब्दात धरतात.

प्रयोगवादी: गर्भाशयाचे अस्तर साधारण 28 दिवसांनी गळून पडते, एवढेच घडते. असला शब्द टाकूनच द्यावा.

पंचांगवाले: पूर्वजांनी स्त्रीला विश्रांती आणि घराला आरोग्य मिळावे, म्हणूनच हे नियम केले होते.

निवृत्त शिक्षिका: आरोग्याचाच विचार असता, तर नागपुरातील मृत्यूचे सुतक पुण्यातील भावकीला लागले नसते, आणि सुती लुगडे विटाळते पण सोवळ्यात नेसायचा रेशमी मुकटा विटाळत नाही, हे कोणते जंतुशास्त्र? विश्रांतीचे म्हणाल, तर आजी त्या दिवसांत पडवीच्या कोपऱ्यात बसून सूपभर तांदूळ निवडत असे, कारण कोरड्या धान्याला विटाळ नाही, असे सोयीने ठरले होते. मी आजही रोज हरिपाठ म्हणते; सोयराबाईंनीही विटाळ नाकारला, विठ्ठल नव्हे.

अक्षरवेडा: तोच प्रकार ‘सोवळ्या’चा. सोवळा पुरुष म्हणजे कर्मठ, आणि ‘सोवळी’ म्हटले की केशवपन केलेली विधवा!

भाषांतरिका: मग ‘विटाळ’ तसाच ठेवून तळटीप द्यावी का?

जुनीपोथी: अवश्य.

अक्षरवेडा: छे! मूळ शब्द तसाच ठेवायचा, तर भाषांतर कशाला म्हणायचे? प्रत्येक ठिकाणी संदर्भानुसार वेगळा इंग्रजी शब्द योजावा.

निवृत्त शिक्षिका: मग जे त्यांनी एका शब्दात धरले, ते तुम्ही पुन्हा फोडणार.

पंचांगवाले: किरकोळ दुरुस्ती: सोवळ्याला रेशमी मुकटाच लागतो असे नाही, आमच्याकडे लोकरीची धाबळी चालत असे.

अक्षरवेडा: ‘धाबळी’ की ‘धाबळ’? आमच्या कोकणात दुसरे ऐकले आहे.