प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का?

प्रश्न: पक्षाघातानंतर आईची बोटे कालपासून वाटी धरू लागली आहेत. तिच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत असतील का?

उत्तर १: स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला आणि अन्नावाटे पेशींच्या डीएनएमध्ये उतरलेला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) मोजून, प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेला, स्मृतीशी निगडित भाग) रोज सुमारे ७०० चेतापेशी जन्मतात असा अंदाज मांडला. ही युक्ती मला विलक्षण वाटते.

उत्तर २: मात्र २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातील अभ्यासाला प्रौढांत अशा पेशी आढळल्या नाहीत. अर्थात, मेंदूचा नमुना रसायनात किती वेळ ठेवला यावरही त्या दिसणे अवलंबून असते.

उत्तर ३: आपल्या आईंची सुधारणा मुख्यतः वाचलेल्या पेशींनी जुळवलेल्या नव्या जोडण्यांमुळे होत असावी, त्यामुळे हाताचे व्यायाम कृपया थांबवू नका.