अंगठीसाठी कच्चा हिरा निवडताना काय बघायचं?

पैलू न पाडलेला, खाणीतून निघाला तसाच हिरा अंगठीत बसवायचाय. तीन-चार बघितले पण सगळे धुरकट काचेसारखेच दिसतात, निवडू कसा?

उत्तर १: आधी आकार बघ. दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखा अष्टफलक मिळाला तर उत्तमच. मग १०एक्स लूपखाली (दहापट मोठं दाखवणारं भिंग) सपाट बाजू बघ, बारीक त्रिकोणी खळगे दिसले तर अस्सल असल्याची चांगली खूण, आणि मला तर ते पॉलिशपेक्षा सुंदर वाटतात. काचेवर ओरखडा काढून काही कळत नाही, क्वार्ट्झनेपण काच ओरखडते.

उत्तर २: +१, पण चिरा नक्की बघ, खास करून कडेपर्यंत आलेल्या. कडकपणा १० (मोह्स मापावर सर्वात जास्त) आहे म्हणून हिरा फुटत नाही असं नाही, चार दिशांना तो सरळ दुभंगू शकतो. माझ्या खड्याचा कोपरा प्रॉन्ग (खडा धरून ठेवणारे धातूचे आकडे) दाबतानाच उडाला, अजून जीव हळहळतो. तेव्हापासून मी बेझलच (खड्याभोवती धातूची पूर्ण पट्टी) करून घेते, कड झाकली जाते.

उत्तर ३: माल कुठल्या खाणीचा तेही विचार. २००३ पासून किंबर्ली प्रोसेसचं (बंडखोरांच्या लढायांना पैसा पुरवणारे हिरे रोखायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) सर्टिफिकेट असतं पण ते कच्च्या मालाच्या पार्सलला, एकेका खड्याला नाही, त्यामुळे विक्रेता सरळ उत्तर देतो का ते बघच.