नव्या घरातलं पाणी फार जड आहे, पाच माणसांसाठी काय घ्यावं?

गोगलगाय:
नमस्कार मंडळी. बदलीमुळे तीन आठवड्यांपूर्वी आम्ही नव्या भागात राहायला आलो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं आणि सासूबाई. सामान बऱ्यापैकी लागलंय, मोठ्याला शाळेत मित्रही मिळालाय, पण पाण्याशी काही जमत नाहीये. इथे बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून तीन बिऱ्हाडांना येतं. स्टीलच्या भांड्यांवर दोन दिवसांत पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही. किटलीच्या तळाशी खपली धरलीय, नखाने खरवडली की पापुद्रा निघतो. धाकटीला कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते. सासूबाई तर पाणीच कमी पितात. 'मचूळ लागतं गं' म्हणतात. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे जास्त काळजी वाटते.

घर भाड्याचं आहे, दोन वर्षांसाठी. भिंतीला भोक पाडायचं नाही, असं मालकांनी आधीच बजावलंय. दिवसातून एकदोनदा वीज जाते. बजेट एका महिन्याच्या भाड्याच्या पाव हिश्शाइतकं, त्यावर एक पैसाही नाही. सामान हलवण्यातच बराच खर्च झालाय. आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारं यंत्र) घ्यावा का? तुम्ही काय घेतलंत आणि कसा अनुभव आला?

वातकुक्कुट:
आरओ घ्या. डोळे मिटून घ्या. आमच्या बोअरला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ७४० होता, आता मशीनमधून १८ येतो. पाहुणे आले की मी मीटर बुडवून दाखवतो. पैशाकडे बघू नका ताई, तब्येतीपुढे पैसा काय! आरओ, यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं), यूएफ (बारीक गाळणी) असं सगळं एकत्र असलेलं मोठं मॉडेल घ्या, स्वस्तातलं घेऊन पुन्हा खर्च करू नका.

खारूताई:
आरओला +१. आमच्याकडे सहा वर्षांपासून आहे. वर्षाचा देखभाल करार मात्र करून घ्या.

मुंगूस:
मी आरओच घेतला होता आणि पस्तावलो, म्हणून सविस्तर लिहितो. आमचंही घर भाड्याचं. मशीन लावणाऱ्याने विचारायच्या आत दोन भोकं पाडली. घर सोडताना मालकाने त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले. ते एक वेळ सोडून देऊ. पाणी इतकं जड होतं की सात महिन्यांत मेम्ब्रेन, म्हणजे आरओची आतली गाळणी, क्षारांनी चोंदली. विकताना पाण्याचा जडपणा कुणी मोजला नाही, फक्त टीडीएस बघितला. नवीन मेम्ब्रेन टाकली, ती पुन्हा चोंदली. शिवाय एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत. बोअर उन्हाळ्यात आटत असेल तर याचा विचार आधी करा.

काजवा:
मुंगूस, ते पाणी वाया का जाऊ देता? आम्ही बादलीत धरतो आणि फरशी पुसतो. एक थेंब फुकट जात नाही.

मुंगूस:
पाच माणसांचं पिण्याचं पाणी म्हणजे दिवसाला बारा-पंधरा लिटर. त्यामागे चाळीसेक लिटर निघणार. एवढी फरशी कुठून आणायची?

मोरपीस:
आम्ही ते पाणी कुंड्यांना घातलं, तर पानांच्या कडा जळाल्या. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. मोगरा गेला तो गेलाच. कुंड्यांना घालू नका, ही कळकळीची विनंती.

काजवा:
आमची कोरफड आणि बोगनवेल त्याच पाण्यावर चार वर्षं मस्त आहेत.

मोरपीस:
कोरफड कशावरही जगते हो. मोगऱ्याला लावून बघा.

जुनं_खोड:
एवढी यंत्रं कशाला? तुरटी फिरवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी घ्या. आम्ही लहानपणापासून हेच केलं आणि सगळे ठणठणीत आहोत.

सूर्यफूल:
मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलंय, म्हणून थोडं मोठं लिहिते.

काका, तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार तसेच राहतात. गोगलगायताईंची तक्रार क्षारांची आहे.

वातकुक्कुट, तुमचा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. त्यात जंतू दिसत नाहीत, आर्सेनिक दिसत नाही, कीटकनाशकंही दिसत नाहीत. टीडीएस १८ असलेल्या पाण्यातही जंतू असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच ठेवलेली नाही. साधारण ६०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चव चांगली मानतात आणि १,००० च्या वर ती बिघडत जाते, एवढंच.

ताई, यंत्र घ्यायच्या आधी पाणी तपासून घ्या. नमुने दोन ठिकाणचे घ्या: एक बोअरचं पाणी टाकीत पडतं तिथला, दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाचा. दोन्हींची तुलना केली की बिघाड जमिनीखालच्या पाण्यात आहे की टाकीत, ते लगेच कळतं. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. नळाला जाळी असेल तर काढा, तोंड पुसून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि मग भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बाटली थंड ठेवा आणि शक्य तो सहा तासांत पोचवा. क्षारांच्या तपासणीची बाटली वेगळी.

जडपणा, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) एवढं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: नायट्रेट ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, फ्लोराइड १.५, आर्सेनिक ०.०१, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. नायट्रेट जास्त असेल तर पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते आणि नायट्रेट उलट दाट होतं. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर हे फार महत्त्वाचं. तुमची मुलं मोठी आहेत, तरी विचारून घ्या.

माझा अंदाज: जंतू निघाले तर भोक न पाडता ओट्यावर ठेवायचं यूव्ही यंत्र पुरेल.

वातकुक्कुट:
प्रयोगशाळेत पैसे घालवण्यापेक्षा तेच मशीनमध्ये घाला. आरओतून सगळंच निघतं, मग तपासायचं काय?

सूर्यफूल:
मेम्ब्रेन कुठे फाटली की न गाळलेलं पाणी थेट पेल्यात येतं. आणि मुंगूस यांची मेम्ब्रेन दोनदा का चोंदली? जडपणा आधी कळला असता तर त्यांचे पैसे वाचले असते.

राजहंस:
सगळे पिण्याच्या पाण्यावरच अडकलात. आम्ही संपूर्ण घराला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) बसवलाय. नळ चकाचक, गीझर नव्यासारखा, बायकोचे केस रेशमासारखे. ताई, एकदाच खर्च करा आणि सुखी व्हा.

सूर्यफूल:
सॉफ्टनर भांड्यांना आणि गीझरला चांगला. पण तो कॅल्शियम घेतो आणि त्या बदल्यात सोडियम सोडतो. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे लिटरला सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात रक्तदाबाचा पेशंट आहे, असं ताईंनी लिहिलंय. बसवला तरी पिण्याचा नळ त्यातून वगळा आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सॉफ्टनरने टीडीएसही कमी होत नाही.

राजहंस:
आमच्याकडे कुणाला रक्तदाब नाही, त्यामुळे हे माहीत नव्हतं. पिण्याचं पाणीही त्यातलंच आहे. बघतो.

निशिगंध:
धाकटीच्या खाजेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. माझ्या मुलीला एक्झिमा आहे. जड पाण्याचा आणि एक्झिमाचा संबंध दिसतो, पण सॉफ्टनर लावून तो बरा होतो असं नाही. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. निम्म्या मुलांच्या घरी सॉफ्टनर लावला, निम्म्यांच्या घरी नाही. त्वचेच्या सुधारणेत फरक पडला नाही. आम्ही काय केलं ते सांगते. आंघोळ कोमट पाण्याने आणि पाच-सात मिनिटांत उरकायची. साबण कमी वापरायचा, कारण जड पाण्यात तो धुतला जात नाही, अंगावरच राहतो. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच मलम लावायचं. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. घर बदलल्यावर धूळ, नवा रंग, नवी शाळा, असं सगळंच एकदम बदललेलं असतं. एकट्या पाण्यावर खापर फोडू नका.

खारूताई:
आरओच घ्या. वर सगळ्यांनी सांगितलंच आहे.

मोरपीस:
किटलीसाठी: व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घालून उकळा, तासभर ठेवा, खपली आपोआप सुटते. सायट्रिक ॲसिडनेही होतं.

गोगलगाय:
सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आले. बोअर: टीडीएस ५६०, जडपणा ३१०, नायट्रेट १८, फ्लोराइड ०.६, आर्सेनिक नाही, ई. कोलाय नाही. स्वयंपाकघरातला नळ: क्षार जवळजवळ तेवढेच, पण ई. कोलाय आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं टाकी बघायला गच्चीवर गेलो. झाकणाला हातभर चीर, आत कबुतराची पिसं तरंगत होती आणि तळाला चार बोटं गाळ. मी रेलिंगला धरून उभी राहिले. तीन आठवडे मुलं हे पाणी पीत होती.

सूर्यफूल:
ताई, आजपासून पिण्याचं, दात घासायचं सगळं पाणी उकळून घ्या. खळखळून एक मिनिट पुरे, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. टाकी रिकामी करून घासून घ्या. मग पाणी भरून लिटरला ५० मिलिग्रॅम या हिशेबाने क्लोरीन घाला. म्हणजे १,००० लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन. ब्लीचिंग पावडरची ताकद ३० टक्के धरली तर साधारण १६५ ग्रॅम पावडर. डबा जुना असेल तर ताकद कमी झालेली असते, नवा आणा. बादलीत कालवून वरचं पाणी घाला, सगळे नळ वास येईपर्यंत सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. ते पाणी वापरायचं नाही, शेजाऱ्यांनाही सांगा. सकाळी सगळं सोडून द्या आणि वास जाईपर्यंत पुन्हा भरून सोडा. टाकीत माणूस उतरलेला असताना ब्लीचिंग अजिबात घालू नका. आणि मोरपीस यांचं व्हिनेगर किटलीपुरतंच ठेवा. ब्लीचिंगमध्ये कुठलंही ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, तो जीवघेणा असतो.

वातकुक्कुट:
बघा, ई. कोलाय निघाला ना. आता तरी आरओ घ्या. माझ्या ओळखीच्या माणसाचा नंबर पाठवू का?

मुंगूस:
अहो, टाकीचं झाकण फुटलंय. आरओ झाकण बसवणार आहे का?

गोगलगाय:
तीन आठवड्यांनी लिहितेय. आम्ही कुठलंही यंत्र घेतलेलं नाही. वातकुक्कुटदादा, रागावू नका. सूर्यफूलताई, तुमचं यूव्हीही नाही घेतलं. वीज जाते नेमकी सकाळी, मुलांच्या बाटल्या भरायच्या वेळेला.

टाकीचं मालकांना सांगितलं तर म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात. तेव्हा सासूबाई रिपोर्टचा कागद घेऊन खालच्या दोन्ही घरी गेल्या. आल्यापासून त्या कुणाशी फारसं बोलल्या नव्हत्या, इथली वळणं वेगळी म्हणून बिचकत होत्या. खालच्या काकूंना कळेना की ह्या कोण आणि हा कागद कसला. मग सासूबाईंनी सरळ त्यांचा हात धरून त्यांना गच्चीवर नेलं आणि झाकण उचलून दाखवलं. त्याच रविवारी तिन्ही घरांनी मिळून माणूस लावला. घासणं, ब्लीचिंग, नवं झाकण, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी. आमच्या वाट्याचा खर्च आणि पाण्याची दुसरी तपासणी धरून बजेटच्या निम्म्यात झालं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय नाही.

पिण्याचं पाणी तरी उकळतोच. रात्री दोन पातेली उकळून झाकून ठेवायची आणि सकाळी तळ न हलवता वरचं ओतून घ्यायचं. थोडे क्षार खाली बसतात, पातेल्याच्या तळाशी पीठ दिसतं. चव बरीच सुधारलीय. मचूळपणा जास्त करून टाकीतल्या गाळाचा होता, असं आम्हाला वाटतं. साबणाला फेस अजूनही येत नाही, तो येणारही नाही. धाकटीची खाज निशिगंधताईंनी सांगितलेल्या पद्धतीने कमी आहे, गेलेली नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे नेतेय.

वातकुक्कुट:
राग कसला ताई. पण रोज बारा लिटर उकळायचं म्हणजे इंधन किती जातं ते मोजा. सहा महिन्यांत तुम्ही आरओच घ्याल, लिहून ठेवा.

राजहंस:
इथलं वाचून आम्ही पिण्याचा नळ सॉफ्टनरमधून वेगळा काढला. प्लंबरला अर्धा दिवस लागला. सूर्यफूलताई, धन्यवाद.

ढगोबा:
आमच्याही टाकीचं झाकण फुटलंय. नवीन घेताना माप कसं घ्यायचं?

गोगलगाय:
टाकीच्या तोंडाची कड आतून आतपर्यंत मोजा. आम्ही बाहेरून मोजलं, झाकण दोन बोटं मोठं निघालं आणि बदलून आणायला पुन्हा जावं लागलं. आटे असतील तर जुन्या झाकणाचा तुकडाच दुकानात घेऊन जा. नाहीतर दोन्ही बाजूंना कडी असलेलं घ्या म्हणजे वाऱ्याने उडत नाही.