मदत हवी आहे: गिटार प्रोसेसर आणि इंटरफेसचं क्लॉक जुळत नाही, क्लीन टोनमध्ये टक् टक् येतंय

मंडळी,

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा सल्ला हवाय. माझ्या गिटार प्रोसेसरला कोएक्शियल एस/पीडीआयएफ (डिजिटल आवाज एका केबलने नेणारी जोडणी) इन-आउट आहे, इंटरफेसलाही (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) आहे. आजवर गिटार लाइन आउटमधून घेत होते. पण प्रोसेसरच्या पोटात डिजिटल असलेला आवाज ॲनालॉग करायचा आणि इंटरफेसने तो परत डिजिटल करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? शिवाय डिजिटलने जोडलं तर दोन्ही ॲनालॉग इनपुट गायिकेला आणि तबल्याला मोकळे राहतात.

दोन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) 48 किलोहर्ट्झ, इंटरफेसचं क्लॉक (हे नमुने घेण्याचा ठेका) इंटर्नल, म्हणजे त्याचं स्वतःचंच. लांब सूर धरला की साधारण चार सेकंदांनी 'टक्'. डिस्टॉर्शनमध्ये तो दडतो, क्लीनमध्ये मात्र कानात रुततो. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला तर सुरेख वळण घेत जाणाऱ्या लाटेत नेमकी तिथेच उभी खाच दिसते. बफर (कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तेवढे सॅम्पल) 128 चा 1024 केला, फरक शून्य. केबल बदलली, जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळ्या टोकांची, म्हणजे 75 ओहमचीच. माइकवर घेतलेला आवाज एकदम स्वच्छ.

इंटरफेसचा क्लॉक सोर्स एस/पीडीआयएफ केला की टकटक बंद. पण मग प्रोसेसर बंद केल्यावर इंटरफेसचं लॉक (त्या क्लॉकवरची पकड) जातं आणि प्लेबॅक थांबतो. त्यात एक अर्धवट झालेलं गाणं 44.1 वर आहे, आणि प्रोसेसर 48 सोडून कशावरच चालत नाही. पुढे रिॲम्पिंगही (आधी घेतलेली साधी गिटार प्रोसेसरमधून परत फिरवून नवा टोन घेणं) करायचंय. क्लॉकचा मास्टर, म्हणजे ठेका देणारा, नक्की कोणाला ठेवू?

प्रतिसाद 1

ताई, प्रोसेसरलाच मास्टर ठेवा.

48 किलोहर्ट्झ क्लॉक देणारी दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोघांत दहा लाखांत 5 इतकाच फरक धरा. सेकंदाला 48,000 सॅम्पल, म्हणजे साधारण चार सेकंदांत एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडणार. तीच तुमची खाच. बफर वाढवून ती जाणार नाही, कारण तिचा कॉम्प्युटरच्या वेगाशी संबंधच नाही. एस/पीडीआयएफच्या सिग्नलमध्येच क्लॉक असतं, वेगळी वायर लागत नाही. इंटरफेसने फक्त ते ऐकायला हवं.

गिटारचं काम नसेल तेव्हा सोर्स परत इंटर्नल करा. एवढाच व्याप.

44.1 च्या गाण्याची वेगळी प्रत काढा, सगळे ट्रॅक 48 मध्ये कन्व्हर्ट करा आणि शेवटपर्यंत 48 वरच राहा. नुसता प्रोजेक्टचा आकडा बदलू नका. 48 वर घेतलेली फाइल कन्व्हर्ट न करता 44.1 ने वाजली तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन उतरतो आणि गाणं रेंगाळतं. काही इंटरफेसच्या डिजिटल इनपुटवर सॅम्पल रेट कन्व्हर्टर असतो, मग क्लॉक जुळवावंच लागत नाही. मॅन्युअलमध्ये एकदा पाहून घ्या.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत. रिॲम्पिंगलाही हीच जोडणी चालते. इंटरफेस प्रोसेसरच्या क्लॉकवर असल्यामुळे त्याच्या एस/पीडीआयएफ आउटमधून परत जाणारा ड्राय (इफेक्ट नसलेला) ट्रॅकही त्याच क्लॉकवर असतो. प्रोसेसरचा इनपुट डिजिटल करा, पण त्याचं क्लॉक एक्स्टर्नल करू नका. नाहीतर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील आणि लॉक कुणालाच मिळणार नाही.

एक जपा: नवा रेकॉर्ड होणारा ट्रॅक एस/पीडीआयएफ आउटवर जाऊ देऊ नका. लूप तयार होतो आणि हेडफोनमध्ये एकदम शीळ फुटते. आधी आवाज खाली घ्या, मग राउटिंग.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! क्लीन आर्पेजिओ सलग घेतला, पूर्ण झूम करून पाहिला, एकही खाच नाही. लूपची सूचना फार मोलाची, माझ्या टेम्प्लेटमध्ये सगळे ट्रॅक सॉफ्टवेअरच्या मास्टर ट्रॅकवर जातात आणि तो मास्टर ट्रॅक दोन्ही आउटपुटवर.

आता रिॲम्प केलेला ट्रॅक ड्रायच्या किंचित मागे पडतोय. तो हाताने सरकवायचा का?

प्रतिसाद 2

अंदाजाने नको. सगळे इफेक्ट बायपास करून एकच क्लिक त्या वाटेने पाठवा आणि मूळ क्लिकपासून किती सॅम्पल मागे आला ते मोजा. तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये टाका. बफर बदललात तर पुन्हा मोजा.