यादवीनंतरची अमेरिकेची दक्षिण: कारखाने आले, पण कुणासाठी? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

पांढरं सोनं
१८६५ साली अमेरिकेतली यादवी संपली. दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस होता, कारखाने जवळपास नव्हतेच. अटलांटाचा संपादक हेन्री ग्रेडी जॉर्जियातल्या एका अंत्यविधीची गोष्ट सांगे. संगमरवराच्या खाणीत खड्डा खणून माणूस पुरला, पण थडग्याचा दगड उत्तरेतल्या व्हर्माँटचा. भोवती पाइनचं रान, पण शवपेटी उत्तरेतल्याच सिनसिनाटीची. दक्षिणेचं काय? मढं आणि खड्डा.

आम्हा वऱ्हाडातल्यांना हे कुणी समजावून सांगायला नको. त्याच युद्धात आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच कोसळला. नुसतं पीक विकून भागत नाही. १८७१ मध्ये वसलेल्या, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला लोहखनिज, कोळसा, चुनखडी सगळं हाताशी होतं. दक्षिणेत कारखाने हवेत, हे ग्रेडीचं बरोबरच होतं.

काळी माती
त्या कोळशाच्या खाणीत कोण उतरत होतं, तेही सांगा. तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामी गेली, पण 'गुन्ह्याची शिक्षा' म्हणून सक्तीनं राबवून घ्यायची पळवाट राहिली. रिकामा भटकतो म्हणून कृष्णवर्णीय माणसाला धरायचं, दंड भरता आला नाही की खाणमालकाला भाड्यानं द्यायचं. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं.

पांढरं सोनं
ते पाप आहे, मान्य. पण शेतात तरी काय सुख होतं? बी, पीठ, कापड सगळं दुकानदाराकडून उधार, उभं पीक तारण. हिशेब झाला की वाटेकरी पुन्हा कर्जातच. गिरणीत निदान पगार तरी हातात पडे.

धोटा
माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, म्हणून राहवत नाही. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत गिरणी कामगाराचं घर मालकाचं, दुकान मालकाचं. बालमजुरांचे फोटो काढणाऱ्या लुईस हाइनचा १९०९ सालचा फोटो बघा, जॉर्जियातल्या मेकनच्या गिरणीतला. पोरं इतकी लहान की तुटलेला धागा जोडायला साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, चढलीत. एकाच्या पायात काही नाही. कसला पगार घेऊन बसलात! आणि यंत्रावरची ही कामंसुद्धा गोऱ्यांनाच. साउथ कॅरोलायनानं तर १९१५ मध्ये कापडगिरणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांनी एका खोलीत काम करायला कायद्यानंच बंदी घातली.

पांढरं सोनं
फोटो पाहिला. पोरांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तरी कारखाना नको होता, असं मी म्हणणार नाही.

काळी माती
नको होता असं मीही म्हणत नाही. मालक कोण, एवढंच विचारतो. १९०७ मध्ये बर्मिंगहॅमची मोठी पोलाद कंपनी यू. एस. स्टीलनं घेतली. पोलाद तिथं स्वस्तात तयार होई, पण भाव उत्तरेतल्या पोलादाच्या शहराच्या, पिट्सबर्गच्या हिशेबानं लागे.