एकाच क्लबनं दोन देशांची लीग जिंकली, मग आमचं उत्तर चूक कसं?

अनगोळचा_गोलकीपर

मंडळी नमस्कार. गणपतीत शेजारच्या मंडळानं क्रीडा प्रश्नमंजूषा ठेवली होती. शेवटचा प्रश्न : दोन वेगवेगळ्या देशांची राष्ट्रीय लीग जिंकलेला फुटबॉल क्लब कुठला? मी छाती ठोकून सांगितलं, रोमानियातल्या ओराद्याचा सीएओ. परीक्षकांच्या कागदावर होतं रॅपिड व्हिएन्ना. मी मोबाईल काढून दाखवला तर म्हणाले, "नीट वाच. हंगेरीची लीग नॉज्वारॉदनं जिंकली आणि रोमानियाची आयसीओनं. दोन गावं, दोन क्लब. बस खाली."

एका गुणानं हरलो. पाच लिटरचा कुकर गेला. त्याचं काही नाही, पण चारचौघांत हसं झालं ते अजून डोक्यातून जाईना. मला हा क्लब माहीत झाला तो मोबाईलवरच्या गेममुळं, त्यात मी खालच्या लीगमधला संघ म्हणून घेतलेला. मागचा इतिहास कुणाला ठाऊक असला तर सांगा की. मी चुकलोय काय?

चव्हाट_गल्लीचे_काका

चुकला नाहीस बाळ. कागदावरचं उत्तरही बरोबर आहे : ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केलेली असताना रॅपिडनं 1941 मध्ये जर्मनीचं अजिंक्यपद घेतलं. प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं होती आणि प्रश्न काढणाऱ्याला एकच ठाऊक होतं. असं होतं.

पण नॉज्वारॉद आणि ओराद्या ही दोन गावं म्हणणाऱ्याला मी शेवटच्या बसनं शिनोळीला पाठवला असता! एकच गाव ते. हंगेरियन लोक नॉज्वारॉद म्हणतात, रोमानियन ओराद्या. पूर्वी रोमानियनमध्ये त्याला ओराद्या मारे म्हणत. 'नॉज्' म्हणजे थोरलं आणि 'मारे' म्हणजेही थोरलंच. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं वारॉद बुद्रुक. बेळगावात राहून एका गावाला दोन नावं असतात हे परीक्षकांना पटत नसेल तर काय बोलायचं? बसची पाटी वाचत नाहीत काय?

आता क्लबचं ऐक. 1910 मध्ये स्थापना झाली तेव्हा गाव हंगेरीच्या राज्यात होतं, म्हणून नॉज्वारॉद अॅथलेटिक क्लब, एनएसी. पहिलं महायुद्ध संपलं, 1920 च्या त्रियानोंच्या तहानं गाव रोमानियाकडे गेलं. तोच क्लब झाला क्लबुल अॅटलेटिक ओराद्या, म्हणजे तुझा सीएओ. 1924 आणि 1935 ला रोमानियात दुसरा आला. दोन्ही वेळा जिंकणारे संघ तिमिश्वाराचे, आधी किनेझुल, मग रिपेन्सिया.

ऑगस्ट 1940 मध्ये हिटलरच्या दबावाखाली व्हिएन्नात निवाडा झाला आणि उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हा प्रदेश परत हंगेरीला मिळाला. ओराद्याही गेलं. क्लब पुन्हा एनएसी. हंगेरीच्या लीगमध्ये 1943 ला दुसरा, 1944 ला पहिला, बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोशला मागं टाकून. तोपर्यंत त्या लीगचं अजिंक्यपद बुडापेस्टच्या बाहेर कधी गेलंच नव्हतं! राजधानीची ती मिरास मोडली एका सीमेवरच्या गावानं. युद्ध संपलं, गाव परत रोमानियात. क्लबचं नाव लिबर्टाटेआ, म्हणजे स्वातंत्र्य. मग 1948 ला आयसीओ. ही आद्याक्षरं 'ओराद्याची नागरी सेवा संस्था' अशा अर्थाची आहेत. पाणी-बिणी बघणारं खातं म्हण. कम्युनिस्टांच्या काळात प्रत्येक क्लब कुठल्या ना कुठल्या खात्याच्या नावे लावलेला असायचा. त्या खात्याच्या नावानं 1949 मध्ये रोमानियाचं अजिंक्यपद. पाच वर्षांत दोन देश. वात्सी नावाच्या फॉरवर्डनं त्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल केले.

मला हे कसं ठाऊक? मी पोस्टात सॉर्टर होतो. काडेपेटीची लेबलं जमवायचो. त्यातून 1983 च्या सुमारास ओराद्याचा एक माणूस पत्रमित्र झाला. त्याच्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का 'ओराद्या', आणि आत पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारखेआधी हातानं लिहिलेलं 'नॉज्वारॉद'. दर पत्रात. मी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही गाव बदललं काय? त्यानं उत्तरात लिहिलं, माझ्या वडिलांनी दोन्ही अजिंक्यपदं बघितली आणि त्यासाठी घर बदलावं लागलं नाही, सरकारं येऊन गेली.

निपाणीचा_तंबाखू

काका, इतिहास भारी. पण एक शंका. हा क्लब 1963 ला बंद पडला ना? मी वाचलंय की 2017 ला कुणीतरी नाव उचलून चौथ्या लीगमधून परत सुरू केला. मग तो तोच क्लब कसा? आमच्याकडं एका तालमीचं मैदान गेलं, पोरं पांगली, वीस वर्षांनी नव्या पोरांनी तीच पाटी लावली. जुने म्हणतात, पाटी तीच, पण आखाड्यात आमची माती नाही.

चव्हाट_गल्लीचे_काका

तुमचं बरोबर आहे. मधल्या काळाचं सांगतो. आयसीओनंतर नाव प्रोग्रेसुल झालं, त्या नावावर 1956 मध्ये रोमानियाचा कप. (56 हे साल आम्हा बेळगावकरांच्या वेगळ्या कारणानं ध्यानात आहे, असो.) मग क्रिशाना असं नाव, आणि 1963 ला कुलूप. गावातला दुसरा क्लब, 1958 ला निघालेला, पुढं एफसी बिहोर म्हणून ओळखला गेला. नंतरची पन्नास वर्षं गावची पोरं त्याचेच निळे-लाल रंग घेऊन वाढली. तोही 2016 ला बुडाला. दुसऱ्याच वर्षी कुणालातरी सीएओच्या पांढऱ्या-हिरव्याची आठवण झाली.

तेव्हा 2017 चा क्लब वारस की दत्तक, यावर वाद घाला. मला दत्तक वाटतो, पण दत्तकालाही घरात जागा असते. अनगोळच्या पोराच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. क्लबची दोन्ही अजिंक्यपदं 1963 च्या आधीची, आणि तेव्हा क्लब एकदाही बंद पडला नव्हता. नावं बदलली, बस.

तिसरं_गेट

म्हणजे सीमाप्रश्नाचं उत्तर फुटबॉलमध्येच आहे बघा 😄 आपल्याकडं पण असाच निवाडा...

चव्हाट_गल्लीचे_काका

थांबा. हा फुटबॉलचा धागा आहे, तो तिकडं न्यायचा नाही. शिवाय त्या निवाड्यानं काय झालं तेही ऐका, मघाशी लिहिताना मी ते टाळलं होतं. मार्च 1944 मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. मे महिन्यात ओराद्यात ज्यूंना घेटोत, म्हणजे बंदिस्त वस्तीत कोंडलं, आणि मे-जूनमध्ये आगगाड्यांनी आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. हजारो माणसं. ज्या वर्षी गावचा क्लब हंगेरीचा अजिंक्य झाला, त्याच वर्षी. माझ्या पत्रमित्राचा बाप मॅचला ज्याच्या शेजारी बसायचा तो घड्याळजी होता. बापाचं घड्याळ दुरुस्तीला त्याच्याकडेच राहिलं. एवढंच त्यानं लिहिलं होतं, पुढं विषय बदलून लेबलांची यादी दिली होती.

अनगोळचा_गोलकीपर

काका... काय बोलू.

एक विचारू? बोडोला नावाचा खेळाडू दोन्ही देशांकडून खेळला म्हणतात, खरं?

चव्हाट_गल्लीचे_काका

खरं. रोमानियनमध्ये युलिउ, हंगेरियनमध्ये ज्युला. जन्म ब्राशोवचा, नाव झालं सीएओमध्ये. रोमानियाकडून 48 सामन्यांत 30 गोल, 1934 आणि 1938 चे वर्ल्ड कप. रोमानियाचा गेओर्गे हाजी येईपर्यंत गोलांत त्याच्यापुढं कुणी गेलं नव्हतं. मधे काही वर्षं बुखारेस्टच्या व्हीनसकडं होता, 1940 नंतर एनएसीमध्ये परत आला आणि हंगेरीकडून 13 सामने खेळला. पुढच्या वर्षी मंजूषेत हाच प्रश्न टाका म्हणावं.

अनगोळचा_गोलकीपर

टाकणार मीच! काल मंडळात जाऊन हा धागा दाखवला. परीक्षक काका आधी म्हणाले, परीक्षकांचा निर्णय अंतिम. मग चष्मा लावून सगळं वाचलं, परत वर जाऊन वाचलं, आणि म्हणाले पुढच्या गणपतीला प्रश्न तू काढ. कुकर काही दिला नाही. त्यात त्यांच्याकडं आमटी शिजायलीय म्हणे.

ते पाकीट अजून असेल तर फोटो टाका ना काका, शिक्का आणि हातचं नाव दोन्ही दिसेल असा.

चव्हाट_गल्लीचे_काका

आहे. पत्र्याच्या ट्रंकेत. यंदाच्या पावसानं कोपऱ्याला बुरशी धरलीय, आता उघडून हाताळलं तर शिक्का पुसायचा. दसऱ्याला ऊन पडलं की गच्चीवर वाळवतो आणि टाकतो.